गुंतवणुकीआधी टेक कंपनीच्या सीईओची कारकीर्द कशी तपासावी

टेक कंपनीत पैसे घालण्याआधी ताळेबंद बघणारे पुष्कळ असतात. ती कंपनी चालवणाऱ्या माणसाने याआधी नेमके काय केले, हे तारीखवार तपासणारे फार थोडे. बहुतेकांचा शोध कंपनीच्या संकेतस्थळावरच्या परिचयापाशी थांबतो: अमुक विद्यापीठ, तमुक कंपनीत बारा वर्षे, ‘अब्जावधींचा व्यवसाय उभारला’. त्यातले प्रत्येक वाक्य खरे असूनही हाती काही लागत नाही. व्यवसाय त्यांच्यामुळे वाढला की ते खुर्चीवर असताना आपोआप वाढला, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेलाच नसतो.

कारकिर्दीचा खरा पुरावा तीन ठिकाणी सापडतो. त्यांनी जाहीरपणे दिलेल्या मुदती आणि त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडले, हे पहिले. त्यांनी कंपनीचा पैसा कुठे घातला आणि त्यातून काय परत आले, हे दुसरे. आणि ते निघून गेल्यावर त्या कंपनीत काय सापडले, हे तिसरे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांबाबत यासाठी लागणारे जवळजवळ सगळे कागद फुकट मिळतात. एका व्यक्तीमागे पंधरा ते वीस तास मात्र द्यावे लागतात.

आधी काम ठरवा, मग माणूस बघा

माणसाबद्दल काहीही वाचण्याआधी एका कागदावर लिहा: पुढच्या तीन ते पाच वर्षांत या कंपनीत कोणती तीन कामे झाली तरच तुमची गुंतवणूक फळेल? तोट्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत ती कामे गळणारे ग्राहक थांबवणे, विक्रीचा खर्च आटोक्यात आणणे आणि दुसरे उत्पादन चालवून दाखवणे ही असू शकतात. चिप कंपनीत पुढची पिढी वेळेवर कारखान्यातून बाहेर पडणे हेच पहिले काम. मग कारकिर्दीकडे एकाच प्रश्नाने बघायचे: यांनी हे काम याआधी केले आहे का?

हा कागद आधी लिहिला नाही, तर माणसाचे यश बघून कामाची यादी नकळत त्याला साजेशी बनते. रॉन जॉन्सन यांनी ॲपलची दुकाने उभी केली आणि ते यश निर्विवाद होते. नोव्हेंबर २०११ मध्ये ते जेसीपेनी या कपड्यांच्या जुन्या दुकानसाखळीचे सीईओ झाले. त्यांनी तिथली कूपने आणि सेल बंद करून एकच स्थिर किंमत आणली. २०१२ च्या आर्थिक वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावे लागले. ॲपलमध्ये त्यांच्या हाती असा माल होता, ज्यासाठी लोक पूर्ण किंमत मोजायला तयार होते. जेसीपेनीत नेमके तेच नव्हते.

उलट उदाहरणही ध्यानात ठेवा. लू गर्स्टनर १९९३ मध्ये आयबीएममध्ये आले ते बिस्किटे आणि सिगारेटी विकणाऱ्या आरजेआर नाबिस्कोतून. तरी त्यांनी कंपनी सावरली, कारण तिथे चिपची रचना करणारा माणूस नको होता. रोकड वाचवणे, कंपनीचे तुकडे होऊ न देणे आणि मोठ्या ग्राहकांचा विश्वास परत मिळवणे ही कामे होती. म्हणून क्षेत्र जुळते का, याला महत्त्व कमी द्या. काम जुळते का, ते बघा.

महिनावार पट मांडा

आता पूर्ण कारकीर्द एका तक्त्यात मांडा: कंपनी, पद, रुजू झाल्याचा महिना, सोडल्याचा महिना, हाताखालची माणसे, स्वतःच्या नफा-तोट्याची जबाबदारी होती की नव्हती, आणि सोडण्याचे जाहीर कारण. वर्ष पुरत नाही, महिना हवा. ‘२०१६ ते २०१८’ याचा अर्थ जानेवारी ते डिसेंबर धरला तर तीन वर्षे होतात आणि डिसेंबर ते जानेवारी धरला तर तेरा-चौदा महिने.

अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीसाठी ‘एडगर’ या सरकारी साठ्यातून वार्षिक अहवाल आणि भागधारकांच्या सभेआधी निघणारे प्रॉक्सी स्टेटमेंट काढा. इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. प्रॉक्सीत अधिकाऱ्याच्या मागच्या पाच वर्षांचाच व्यावसायिक अनुभव देणे बंधनकारक आहे. दिवाळखोरी, गुन्हे यांसारख्या कायदेशीर बाबी दहा वर्षांपर्यंतच्या द्याव्या लागतात. सहा वर्षांपूर्वी बुडवलेला विभाग कागदावर न येणे पूर्णपणे कायदेशीर आहे. त्यामुळे आजचे स्टेटमेंट वाचून थांबू नका. ते ज्या ज्या कंपन्यांत होते, तिथली त्या त्या वर्षांची स्टेटमेंट्स उघडा. जुन्या कागदातला परिचय आणि आजचा परिचय शेजारी ठेवला की कोणती नोकरी यादीतून गळली ते लगेच दिसते.

ब्रिटनमध्ये ‘कंपनीज हाउस’वर संचालकाच्या नेमणुका, राजीनामे आणि अपात्र ठरवलेल्या संचालकांची यादी मोफत बघता येते. भारतात प्रत्येक संचालकाला आयुष्यभरासाठी एकच डिन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, असतो. त्यावरून त्या व्यक्तीच्या सगळ्या कंपन्या शोधता येतात, बंद पडलेल्याही. सेबीचे आदेश नावानिशी शोधायला विसरू नका. नावाची दोन-तीन स्पेलिंग वापरून बघा.

पदवी थेट विद्यापीठाकडून पडताळा. हे क्षुल्लक वाटते, पण स्कॉट थॉम्पसन जानेवारी २०१२ मध्ये याहूचे सीईओ झाले, त्यांच्या परिचयात अकाउंटिंगबरोबर संगणकशास्त्राची पदवी लिहिली होती, आणि प्रत्यक्षात पदवी फक्त अकाउंटिंगची होती. हे शोधले एका गुंतवणूकदार संस्थेने. मे महिन्यात त्यांना पद सोडावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या नजरेतून जे सुटले, ते विद्यापीठाकडे साधी चौकशी करून कळण्यासारखे होते.

नशिबाचा वाटा वेगळा काढा

‘त्यांच्या काळात शेअर पाचपट झाला’ हे वाक्य ऐकले की आधी विचारा: कोणत्या दिवसापासून मोजले, आणि तेवढ्याच काळात शेजारच्या कंपन्यांचे काय झाले?

स्टीव्ह बाल्मर १३ जानेवारी २००० रोजी मायक्रोसॉफ्टचे सीईओ झाले. डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा तेव्हा फुटायच्या बेतात होता आणि शेअर वार्षिक नफ्याच्या ६० पटींहून महाग होता. त्यांच्या काळात वार्षिक महसूल सुमारे २३ अब्ज डॉलरवरून सुमारे ७८ अब्जांवर गेला, प्रति शेअर नफा जवळजवळ तिप्पट झाला. तरीही शेअरने १९९९ च्या अखेरीचा उच्चांक ओलांडला तो २०१६ मध्ये, ते गेल्यानंतर. शेअरच्या भावावरून बाल्मर नापास, महसुलावरून प्रथम श्रेणीत. दोन्ही निकाल घाईचे आहेत. त्यांची खरी कसोटी पुढे पैशाच्या भागात येते.

दुसऱ्या टोकाला याहू. मरिसा मेयर जुलै २०१२ मध्ये सीईओ म्हणून आल्या आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत शेअर खूप वाढला. त्या वाढीचा मोठा भाग अलिबाबा या चिनी ई-कॉमर्स कंपनीतल्या हिश्श्याच्या किमतीमुळे होता, आणि तो हिस्सा याहूने २००५ मध्येच घेऊन ठेवला होता.

करायचे असे. त्या व्यक्तीच्या काळाची सुरुवात आणि शेवट घ्या. त्याच क्षेत्रातल्या, साधारण त्याच आकाराच्या चार ते सहा कंपन्या निवडा. त्यांत बुडालेल्या आणि विकल्या गेलेल्या कंपन्याही घ्या, नाहीतर तुलना फक्त जिवंत राहिलेल्यांशी होते. महसुलाची वार्षिक वाढ, नफ्याचे प्रमाण आणि भागधारकांचा परतावा या तीनपैकी प्रत्येक गोष्टीचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. कंपनी वर्षाला २२ टक्के वाढली आणि मध्यक १९ असेल, तर त्या माणसाच्या नावावर लिहायचे ते ३ टक्के. मग सुरुवातीची तारीख एक वर्ष मागे आणि एक वर्ष पुढे सरकवून हाच हिशोब पुन्हा करा. एवढ्याने निकाल उलटत असेल, तर त्या आकड्यावर काहीही उभे करू नका.

वाढ नेहमी प्रति शेअर मोजा. महसूल पाच वर्षे दरवर्षी २० टक्क्यांनी वाढला तर तो २.४९ पट होतो. पण कर्मचाऱ्यांना आणि विकत घेतलेल्या कंपन्यांना शेअर वाटून शेअरची संख्या वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली असेल, तर प्रति शेअर वाढ १.६९ पटच राहते, म्हणजे वर्षाला ११ टक्के. टेक कंपन्यांत ही गळती इतकी सर्रास आहे की हा एक आकडा न काढता पुढे जाऊच नये.

पेरणी कोणाची, कापणी कोणाची

तंत्रज्ञानात निर्णय आणि निकाल यांत अंतर मोठे असते. नव्या प्रोसेसरची रचना सुरू झाल्यापासून तो बाजारात यायला चार-पाच वर्षे जातात. त्यामुळे खुर्चीवर बसलेला माणूस बहुतेक वेळा आधीच्याचे पीक कापत असतो.

लिसा सू ऑक्टोबर २०१४ मध्ये एएमडी या चिप कंपनीच्या सीईओ झाल्या. २०१५ मध्ये कंपनीला ६६ कोटी डॉलरचा तोटा झाला आणि शेअर दोन डॉलरच्या खाली आला. त्या वर्षअखेर कोणी गुणपत्रिका लिहिली असती तर ती वाईटच निघाली असती. कंपनीचे नशीब पालटणारी ‘झेन’ रचना मार्च २०१७ मध्ये रायझन चिपमधून ग्राहकांपर्यंत पोहोचली. तिचे काम मात्र २०१२ मध्ये, त्यांच्या आधीच्या सीईओंच्या काळात सुरू झाले होते, चिपची रचना करणारे जिम केलर यांना पुन्हा बोलावल्यानंतर. मग श्रेय कोणाचे? सू २०१२ पासून कंपनीत वरिष्ठ पदावर होत्याच. त्यांच्या खात्यात निश्चितपणे जाते ते हे की तोट्याच्या वर्षांत त्यांनी त्या प्रकल्पाचे पैसे तोडले नाहीत आणि बाकीची कामे छाटली. कारकीर्द पारखताना असे निर्णय शोधायचे: पैसा अपुरा असताना काय चालू ठेवले आणि काय बंद केले.

याच्या उलट इंटेल. जुलै २०१५ मध्ये तेव्हाचे सीईओ ब्रायन क्रझानिच यांनी पुढच्या पिढीच्या, १० नॅनोमीटरच्या चिप २०१७ च्या उत्तरार्धात येतील असे सांगितले. एप्रिल २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणातले उत्पादन २०१९ वर गेल्याचे जाहीर झाले. आणि त्याच २०१८ मध्ये इंटेलचा महसूल ७० अब्ज डॉलरच्या वर, म्हणजे तोवरचा विक्रमी. आकडे उत्तम असताना आतून पाया खचत असतो, तो असा.

म्हणून प्रत्येक जुन्या नोकरीसाठी दोन खिडक्या घ्या. पहिली, रुजू झाल्याच्या दिवसापासून सोडल्याच्या दिवसापर्यंत. दुसरी, रुजू झाल्यानंतर दोन वर्षांनी सुरू होऊन सोडल्यानंतर दोन वर्षांनी संपणारी; हार्डवेअरमध्ये दोनच्या जागी तीन धरा. दुसऱ्या खिडकीत हे शोधा: गुडविल (विकत घेतलेल्या कंपनीच्या मालमत्तेहून जास्त मोजलेली रक्कम) किंवा इतर मालमत्ता बुडीत लिहिली का, जुने हिशोब दुरुस्त करावे लागले का, उत्पादन मुळापासून पुन्हा लिहावे लागले का, मोठे ग्राहक कराराचे नूतनीकरण न करता गेले का. ही सगळी वाईट बातमी नंतर आलेल्या माणसाच्या काळात नोंदली जाते.

एचपीचे सीईओ लिओ आपोथेकर यांनी ऑगस्ट २०११ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलरला ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी घेण्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये त्यांना काढले, व्यवहार ऑक्टोबरमध्ये पुरा झाला आणि ८.८ अब्ज डॉलर बुडीत लिहिले गेले ते नोव्हेंबर २०१२ मध्ये, त्यांच्यानंतरच्या सीईओ मेग व्हिटमन यांच्या काळात. त्यातल्या पाच अब्जांहून अधिक रकमेचा दोष एचपीने ऑटोनॉमीच्या हिशोबांवर ठेवला. २०२२ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने दिवाणी दाव्यात बव्हंशी एचपीची बाजू उचलून धरली, तर जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने ऑटोनॉमीचे संस्थापक माइक लिंच यांना फौजदारी आरोपांतून निर्दोष सोडले. निकाल काहीही लागोत, किंमत कोणी ठरवली आणि तपासणी किती घाईने झाली हे तक्त्यात त्या त्या माणसाच्या नावापुढेच लिहायचे. मंजुरी देणारे संचालक कोण होते हेही लिहा. व्हिटमन तेव्हा एचपीच्या संचालक मंडळावर होत्या.

मुदतींची वही

सगळ्या पद्धतीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे आणि सर्वांत कंटाळवाणीही. वेळ कमी असेल तर बाकीचे आटोपते घ्या, हे सोडू नका.

मागच्या बारा तिमाहींच्या कॉनकॉलच्या (निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांशी फोनवर बोलते त्याच्या) संहिता, भागधारकांना लिहिलेली पत्रे आणि गुंतवणूकदारांपुढची सादरीकरणे जमवा. जुन्या कंपनीतल्याही. प्रत्येकातून मोजता येईल असे विधान उचला. एका कॉलमधून सहसा दोन ते चार निघतात, म्हणजे तीन वर्षांत पंचवीस ते चाळीस ओळी होतात. ‘आम्ही नावीन्याला वाहिलेले आहोत’ हे विधान नव्हे. ‘पुढच्या मार्चपर्यंत दुसरे डेटा सेंटर सुरू होईल’ हे विधान.

रकाने असे: बोलल्याची तारीख, नेमके शब्द जसेच्या तसे, मोजमाप, मुदत, प्रत्यक्षात काय झाले, किती महिने उशीर, आणि उशीर आधी कोणी सांगितला. या शेवटच्या रकान्यात तीनच पर्याय ठेवा: त्यांनी स्वतः मुदतीआधी सांगितले, मुदत टळल्यावर सांगितले, किंवा विश्लेषकाने विचारल्यावर कबूल केले.

दिशा आणि मुदत यांना वेगळे गुण द्या. टेस्लाने २०१७ च्या उन्हाळ्यात सांगितले होते की वर्षअखेर आठवड्याला ५,००० मॉडेल ३ गाड्या बनतील. ते लक्ष्य आधी मार्च २०१८ आणि मग जूनवर गेले, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुरे झाले: दिशा बरोबर, उशीर सहा महिने. एप्रिल २०१९ मध्ये इलॉन मस्क म्हणाले की पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी, रस्त्यावर असतील. २०२० संपले तेव्हा एकही नव्हती. एकाच माणसाची ही दोन विधाने शेजारी ठेवली की उपयोगाचे काही कळते: कारखाना वाढवण्याबद्दलच्या त्यांच्या शब्दात काही महिने मिळवून चालेल, संशोधनावर अवलंबून असलेल्या शब्दावर तारीख धरून हिशोब करता येणार नाही. प्रत्येकाचा असा एक अंदाज वहीतून निघतो, आणि मग त्यांच्या नव्या विधानावर तुम्ही स्वतःची दुरुस्ती लावू शकता.

सरासरी उशिरापेक्षा मध्यक काढा. एखादा फसलेला प्रकल्प सरासरी बिघडवतो. मध्यक तीन महिन्यांच्या आत आणि बहुतेक उशीर स्वतःहून सांगितलेले, तर माणूस भरवशाचा. मध्यक सहा महिने पण प्रत्येक उशीर आधी सांगितलेला, तरीही काम चालते. मध्यक कितीही असो, कबुली नेहमी प्रश्न आल्यावरच मिळत असेल, तर तिथे थांबावे. कारण पुढची मोठी अडचणही तुम्हाला सगळ्यांत शेवटी कळणार आहे.

वहीत दोन फसवे प्रकार येतात. पहिला, दर तिमाहीला अंदाजापेक्षा थोडेसेच जास्त करून दाखवणे. यासाठी तुलना वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या पहिल्या अंदाजाशी करा, मधेच खाली आणलेल्या अंदाजाशी नको. दुसरा, मोजमापच नाहीसे होणे. ट्विटरने २०१९ मध्ये महिन्याच्या वापरकर्त्यांचा आकडा देणे थांबवले आणि रोजच्या ‘कमाई होऊ शकणाऱ्या’ वापरकर्त्यांचा आकडा आणला. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने मान्य केले की तो नवा आकडाही काही वर्षे जास्त मोजला गेला होता. ॲपलने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले की यापुढे किती आयफोन विकले ते सांगणार नाही. मोजमाप बदलणे दर वेळी लबाडी नसते, व्यवसाय खरोखर बदलतो. कसोटी सोपी आहे: नवे मोजमाप आणताना जुने निदान वर्षभर शेजारी चालू ठेवले का? आणि जुने मोजमाप घसरायला लागण्याआधी सोडले की नंतर?

पैसा कुठे गेला

आता बाल्मरांकडे परत. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सुमारे ६.३ अब्ज डॉलरला अक्वांटिव्ह ही जाहिरात कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ६.२ अब्ज बुडीत लिहिले. नोकियाचा फोन व्यवसाय घेण्याचे सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झाले. जुलै २०१५ मध्ये, त्यांच्यानंतरचे सीईओ सत्या नडेला यांच्या काळात, ७.६ अब्ज डॉलर बुडीत गेले. पण ॲझ्युर या क्लाउड सेवेची घोषणा २००८ ची आणि वर्गणीवर मिळणारे ऑफिस ३६५ हे २०११ चे. म्हणजे आतून उभारलेले उत्तम, बाहेरून विकत घेतलेले वाईट. असा माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, तर उत्पादनाच्या योजनांवर विश्वास ठेवता येईल, मोठ्या खरेदीची बातमी आली की मात्र सावध व्हावे लागेल. एका गुणात कारकीर्द बसवण्याचा हट्ट सोडला की अशी कामाची माहिती हाती येते.

प्रत्येक खरेदीसाठी लिहा: किंमत, रोख की शेअर, त्या वेळी सांगितलेले फायदे, तीन वर्षांनंतरची स्थिती, विकत घेतलेल्या कंपनीचे संस्थापक किती दिवस टिकले. मग वाढीव भांडवलावरचा परतावा काढा. समजा करानंतरचा परिचालन नफा ४० कोटींवरून ८५ कोटींवर गेला आणि त्यासाठी गुंतवलेले भांडवल ३०० कोटींवरून ९०० कोटींवर. नफा दुपटीहून जास्त झाला म्हणून टाळ्या पडतात. पण वाढीव ६०० कोटींवर मिळाले ४५ कोटी, म्हणजे साडेसात टक्के. भांडवलाचा खर्च ११-१२ टक्के असेल तर वाढीने भागधारकांचे नुकसानच केले.

मोकळ्या रोख प्रवाहातून (व्यवसायातून आलेल्या रोकडीतून यंत्रे-इमारतींसारखा भांडवली खर्च जाऊन उरते ती रक्कम) कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च वजा करा. विकासाचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकला की मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढवला, तेही बघा. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांत काही अटींवर विकासखर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो. नवा सीईओ आल्यावर चढवलेल्या खर्चाचे प्रमाण एकदम वाढले असेल, तर सुधारलेल्या नफ्यातला तेवढा भाग कागदी समजा.

तंत्रज्ञानाची बाजू

पेटंटची संख्या आणि परिषदांमधली भाषणे सोडून द्या. त्यावरून फारसे काही ठरत नाही. सीटीओ (तंत्रज्ञानप्रमुख) किंवा उत्पादनप्रमुख पारखताना तीन गोष्टी बघा.

त्यांच्या थेट हाताखालचे किती जण पहिल्या अठरा महिन्यांत गेले, आणि नव्या नोकरीत किती जुने सहकारी त्यांच्यामागे आले. दहापैकी दोघे-तिघे जाणे नवीन साहेब आल्यावर नेहमीचेच. सहा-सात गेले आणि मागे कोणीच आले नाही, तर चौकशी हवी.

जाहीर केलेले उत्पादन पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या हातात कधी पडले. मंचावरचे प्रात्यक्षिक आणि विक्री यांतले अंतर बदल-नोंदी, रिलीझ नोट्स आणि ग्राहकांच्या जुन्या तक्रारी यांतून महिन्यांत मोजता येते.

मोठा बिघाड किंवा माहितीची चोरी झाली तेव्हा किती दिवसांत आणि किती स्पष्ट सांगितले. याहूच्या माहिती सुरक्षेच्या लोकांना २०१४ च्या मोठ्या चोरीची कल्पना त्याच वर्षी आली होती. जगाला ती सप्टेंबर २०१६ मध्ये कळली, व्हेरायझन या दूरसंचार कंपनीशी याहूच्या विक्रीचा करार ठरल्यानंतर. किंमत ३५ कोटी डॉलरने उतरली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. चोरी कोणाकडेही होऊ शकते. दोन वर्षांचे मौन हा कोणाचा तरी निर्णय असतो.

त्यांचा स्वतःचा पैसा

अमेरिकेत अधिकाऱ्याने शेअर घेतला वा विकला की दोन कामकाजाच्या दिवसांत फॉर्म ४ भरावा लागतो. भारतात एका तिमाहीतले व्यवहार १० लाख रुपयांच्या वर गेले की दोन व्यवहार-दिवसांत कंपनीला कळवावे लागते. फॉर्म ४ वाचताना व्यवहाराचा कोड बघा: बाजारातून खरेदीला ‘पी’, विक्रीला ‘एस’, करासाठी कापलेल्या शेअरला ‘एफ’. ‘एफ’ बघून घाबरण्याचे कारण नाही. स्वतःच्या पैशाने केलेली ‘पी’ खरेदी दुर्मीळ असते, ती जरूर नोंदवा.

शेअर कधी आणि किती विकायचे हे आधीच लिहून देणाऱ्या ठरीव योजनेखाली झालेली विक्री निर्दोष धरू नका. इंटेलच्या क्रझानिच यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये शेअर विकून स्वतःकडे कंपनीच्या नियमाने लागतात तेवढेच, अडीच लाख, ठेवले. चिपमधल्या, तोवर जाहीर न झालेल्या सुरक्षेच्या त्रुटींची माहिती इंटेलला जूनमध्येच मिळाली होती आणि विक्रीची योजना ऑक्टोबरअखेर केलेली होती. ही विक्री त्रुटींशी संबंधित नसल्याचे कंपनीने सांगितले. फेब्रुवारी २०२३ पासून अमेरिकेत अशा योजनेनंतर अधिकाऱ्यांना निदान ९० दिवस थांबावे लागते. तरीही योजना केल्याची तारीख आणि पहिली विक्री यांतले अंतर स्वतः मोजा. भारतीय कंपनीत प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर दर तिमाहीला बघा.

नातेसंबंधांतले व्यवहार, म्हणजे कंपनीने आपल्याच प्रमुखांशी किंवा त्यांच्या कुटुंबाच्या संस्थांशी केलेले व्यवहार, ही माझ्या मते लाल रेषा आहे. कार्यालयाच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कच्या ऑगस्ट २०१९ च्या माहितीपत्रातच लिहिले होते की सीईओंच्या मालकीच्या इमारती कंपनीने भाड्याने घेतल्या आहेत आणि ‘वी’ या नावाच्या हक्कांसाठी त्यांच्याशी संबंधित संस्थेला सुमारे ५९ लाख डॉलर दिले आहेत. सत्यम या आयटी कंपनीने १६ डिसेंबर २००८ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या घेण्याचा प्रस्ताव आणला आणि गुंतवणूकदार भडकताच काही तासांत मागे घेतला. राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात ताळेबंदातली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड खोटी निघाली. मधले तीन आठवडे बाहेर पडण्यासाठी पुरेसे होते.

माणसांशी बोलणे

खाजगी कंपनीत मोठी रक्कम घालत असाल तर ही पायरी अटळ आहे. दहा-बारा जण धरा: दोन त्यांचे वरिष्ठ, तीन बरोबरीचे, चार हाताखालचे, दोन ग्राहक, आणि वर्षाच्या आत सोडून गेलेला निदान एक. त्यांनी दिलेल्या यादीतले निम्म्याहून कमी असावेत. वर्तमान नोकरी धोक्यात येईल अशा ठिकाणी विचारपूस करू नका, आणि नोंदलेल्या कंपनीबाबत जाहीर न झालेली माहिती कोणी देऊ लागला तर संभाषण तिथेच थांबवा.

‘कसे आहेत?’ असे विचारले की कौतुकच मिळते. हे विचारून बघा: त्यांनी तुमच्या देखत बदललेला एखादा मोठा निर्णय कोणता, आणि कशामुळे बदलला? वाईट बातमी त्यांच्यापर्यंत कोण पोहोचवायचे, आणि पुढे त्या माणसाचे काय झाले? त्या यशातला कोणता भाग ते नसते तरी झाला असता? पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल का, आणि कोणत्या कामासाठी नाही? उत्तरे त्याच दिवशी शब्दशः लिहा. एकाच तक्रारीला तीन वेगळ्या ठिकाणांहून दुजोरा मिळाला तरच ती धरा. पैशाच्या अफरातफरीची शंका मात्र एकाने काढली तरी कागदांवर पडताळा.

निर्णयाचे पान

सगळे एका पानावर आणा. वर ती तीन कामे आणि प्रत्येकापुढे सर्वांत बळकट पुरावा, एका ओळीत, तारखेसह. त्याखाली वहीतला मध्यक उशीर, वाढीव भांडवलावरचा परतावा, मध्यकावरची वाढ. त्याखाली लाल रेषा: खोटी पदवी, लपवलेला नातेसंबंधी व्यवहार, दुरुस्त करावे लागलेले हिशोब. लाल रेषेची बेरीज-वजाबाकी करायची नसते. एक असली तरी गुंतवणूक नाही.

तीनपैकी एकाच कामाचा पुरावा असेल, तर बाकीची दोन कामे करणारी माणसे चमूत आहेत का ते बघा आणि त्यांचीही वही करा, थोडी आखूड चालेल. पुरावा मध्यम पण भाव स्वस्त असेल, तर ठरवलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा घालून पुढच्या चार तिमाहींत वही भरत जा.

पैसे घातल्यावरही ते पान बंद करू नका. दर कॉनकॉलनंतर अर्धा तास पुरतो. अमेरिकेत सीईओ वा सीएफओ (वित्तप्रमुख) बदलल्याची, तसेच लेखापरीक्षक बदलल्याची सूचना ८-के या अर्जावर चार कामकाजाच्या दिवसांत येते. तिची सूचना ईमेलवर लावून ठेवा. सीएफओ आणि लेखापरीक्षक एकाच वर्षात बदलले, तर दोघांची जाहीर कारणे वाचा आणि अख्खी तपासणी पहिल्या पायरीपासून पुन्हा करा.